भुताच्या हवेलीतला दुपारचा खेळ

नात मोबाइलवर जुना काळा-पांढरा भुताचा सिनेमा पाहते आणि हसते. हवेलीचं दार आपोआप मिटतं, नायिका किंचाळते, तसबिरीतले ठाकूर डोळे वटारतात. त्या दाराची करकर कानावर आली की मी बुऱ्हाणपूरच्या थेटरात, बायकांच्या पडद्यामागे जाऊन बसते.

राज्यांची नवी वाटणी होत होती. गावात कमानी उभ्या राहिल्या होत्या, भाषणांत एकतेला पूर आला होता आणि आमच्या घरात एक कागद आला होता. हे सरकारी कचेरीत कारकून. मध्य प्रदेशात राहायचं की विदर्भाकडे जायचं, ते त्यांनी लिहून द्यायचं होतं. मुदत त्या दिवशी पाचपर्यंत. न देणारा आहे तिथेच राहणार. माझं माहेर अमरावतीचं. कागदावर 'विदर्भ' मीच समोर बसून लिहून घेतलं होतं.

"जाता जाता एक सिनेमा पाहू. चारला उठतो नि कागद देऊन येतो," हे म्हणाले. मीही भुलले.

फुकटे शिरू नयेत म्हणून खेळ सुरू झाला की दरवान बाहेरून कडी घाली. ज्याला जायचं असेल त्याने आतून दोन थापा माराव्यात, अशी तिथली रीत. आत उकाडा, खोबरेल तेलाचा वास, रडणारी तान्ही मुलं. नायिका खोल्याखोल्यांतून वाट शोधत होती आणि मला सगळीकडे घड्याळच दिसत होतं. शेवटी न राहवून ओरडले, "अहो, कागद!"

"वहिनी, भूत तर पकडू द्या आधी!" पुरुषांतून कुणीतरी म्हणालं. थेटर हसलं. हे उठले, दारापर्यंत गेले. बराच वेळ तिथे उभे दिसले. मग परत येऊन बसले.

खेळ सुटला तेव्हा कचेरी बंद झाली होती. "दार बाहेरून बंद होतं, काय करणार?" असं म्हणून हे टांगा बघायला गेले. मी दरवानाला फैलावर घेतलं.

"भाभीजी, मैं तो यहीं स्टूल पे बैठा था," तो बिचारा म्हणाला. "साहब ने थाप मारी ही नहीं."

टांग्यातून तापीचा घाट दिसला. तापीवरच्या रोजच्या पोहण्यापासून हा माणूस तुटणार नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं. माहेरी कुणी विचारलं की मी सांगायची, मेल्या दरवानाने कडी घातली होती. हे मान खाली घालून पानाला चुना लावत राहायचे. संसार तसा चांगला झाला.

आता हे नाहीत. त्या दुपारी बायकांच्या बाजूलाही एक दार होतं, आणि थाप मारायला माझे हातही मोकळे होते, हे मला फार उशिरा सुचलं.