लोखंडाला तेल

चाकूरच्या बाजारात गुरुबसप्पाचं लोखंडाचं दुकान. उभा जन्म विळे, कोयते, पहारी, खिळे आणि काटेरी तार विकण्यात गेला. माणूस सरळ, पण हेकट. लोखंडातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. आणि खरं सांगायचं तर बरंचसं कळतही होतं. विळ्यावरून नुसतं बोट फिरवून त्याच्या धारेला पाणी नीट दिलंय की नाही, ते तो सांगायचा.

सत्तरी उलटली तसं दुकान मुलानं, भीमाशंकरनं, हाती घेतलं. गुरुबसप्पा जाऊन बसायचा, पण गिऱ्हाईक आलं की मुलाकडं बघायचं. घरात त्याचं म्हणून एकच काम उरलं, ते म्हणजे गाडी चालवणं. सून मंजुश्री शेजारच्या गावात शिक्षिका, तिला शाळेत सोडायचं. नातू शिवांशला शिकवणीवरून आणायचं. बायको कमलम्माला सोमवारी देवळात न्यायचं. गाडीची किल्ली दिवसा सदऱ्याच्या खिशात आणि झोपताना उशीखाली. किल्ली मागितली तर हा माणूस ‘कुठं जायचंय? मी सोडतो की’ म्हणून आधी चपला घालायचा.

गेल्या वर्षी गाडी मागं घेताना त्यानं गेटचा खांब पाडला. तेव्हापासून भीमाशंकर किल्लीवर टपून होता. “अप्पा, आता बास झालं. आणखी एकदा काही झालं की किल्ली मी घेणार,” असं त्यानं जेवताना सगळ्यांदेखत सांगून टाकलं. गुरुबसप्पा भाकरी मोडत राहिला. पण त्या रात्री त्याला घास गोड लागला नाही. किल्ली गेली की आपण ओट्यावर बसायला मोकळे, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

भाद्रपदात गाडीचे ब्रेक कुरकुरायला लागले. पुढं पुढं तर दाबले की स्टेअरिंग थरथरायचं. गुरुबसप्पानं बरेच दिवस कानाडोळा केला, कारण गाडीत खोट निघाली की बोट आपल्याकडं वळणार. शेवटी मंजुश्रीच घाबरली, तेव्हा तो गाडी घेऊन व्यंकटीच्या गॅरेजवर गेला. व्यंकटी गावातला जुना मिस्त्री, कामाला चोख आणि तोंडानं फटकळ.

त्यानं पुढची चाकं उतरवली आणि कपाळाला हात लावला. “अप्पा, ब्रेकचे पॅड पार संपलेत. पॅड संपल्यावर लोखंडावर लोखंड घासून राहिलंय. बघा ही डिस्क.” चाकामागची ती लोखंडी चकती गुरुबसप्पानं बोटानं चाचपली. मधे खोल चरे पडले होते आणि कडेला थाळीसारखा काठ उभा राहिला होता.

“लेथवर घासून मिळंल की,” तो म्हणाला.

“जाडी राहिली न्हाई आता. दोन्हीकडच्या नव्या टाकाव्या लागतील, संगं पॅडबी. एकाच बाजूची टाकली तर ब्रेक दाबला की गाडी एकीकडं ओढंल.”

नव्या डिस्क आल्या. खोक्यातून निघाल्या त्या तेलानं माखलेल्या, वाटेत गंजू नये म्हणून कारखान्यातच लावलेलं. व्यंकटीनं फडकं पेट्रोलमध्ये बुडवलं आणि दोन्ही चकत्या दोन्ही अंगांनी पुसून काढल्या. गुरुबसप्पा जवळ उभा राहून बघत होता. त्याला ते मुळीच रुचलं नाही.

“अरे, लोखंडाचं तेल पुसून टाकतोस? कसला मिस्त्री तू!”

“ब्रेकला तेल चालत न्हाई, अप्पा. आन आता आठ-पंधरा दिवस दबकन दाबू नका, पॅड बसू द्या. सुरवातीला जरा नरम लागतील,” व्यंकटी म्हणाला. गुरुबसप्पानं मान हलवली. पण मनात म्हणाला, लोखंडातलं हा पोरगा मला शिकवणार! पोरगा म्हणजे पन्नाशीचा गडी, बरं का.

पुढच्याच आठवड्यात खंडेनवमी आली. आता हा सण म्हणजे या घरातला सगळ्यात मोठा. दुकानातली मापं, तराजू, विळे, कोयते घासून पुसून त्यांना तेलाचा हात द्यायचा, वर विभूतीची बोटं ओढायची, मग झेंडूची फुलं वाहायची. गुरुबसप्पाच्या आजापासूनची ही रीत. गाडी आदल्या संध्याकाळी धुऊन ठेवली होती. सकाळी पूजेला म्हणून गेला आणि बघतो तर काय, चाकाच्या आऱ्यांतून दिसणाऱ्या नव्याकोऱ्या डिस्कवर तांबूस गंज धरलेला!

पाणी लागलं की उघड्या डिस्कवर असा गंज येतोच आणि गाडी फर्लांगभर चालवली की पॅडच्या घासण्यानं निघून जातो. पण हे लोखंडाच्या दुकानदाराला कोण सांगणार? तो एकदम चिडला. “तरी मी सांगून राहिलो होतो! तेल पुसलं की गंज धरणारच.” घरातले आत पुरणपोळीच्या गडबडीत होते. ह्यानं वाटीभर गोडतेल आणलं, फडकं एका काडीला गुंडाळलं, आणि आऱ्यांतून हात घालून दोन्ही चकत्या चोपडून काढल्या. हात पोचेना तिथं गाडी थोडी पुढं ढकलली आणि राहिलेलं अंगही पुरं केलं. काम मनासारखं झालं. मग चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर विभूती ओढली आणि नारळ फोडला.

दसऱ्याला सगळे नांदेडला निघाले, कमलम्माची धाकटी बहीण पार्वतम्मा तिथं दिलेली. स्टेअरिंगवर गुरुबसप्पा, शेजारी भीमाशंकर. गावातून निघतानाच ब्रेक नरम लागले. पण व्यंकटीनं सांगितलंच होतं, नरम लागतील म्हणून. रस्ता मोकळा होता, फारसा दाबायचा प्रसंगही आला नाही.

अहमदपूरच्या अलीकडं लांब उतार लागला. खाली एक ट्रॅक्टर मळणीयंत्र ओढत रमतगमत चालला होता. गुरुबसप्पानं ब्रेक दाबला. गाडी थांबेना. आणखी दाबला, अंगाचा सगळा भार पायावर टाकला, तरी गाडी आपली घरंगळत पुढंच. “अप्पा! ब्रेक!” भीमाशंकर ओरडला. मागं कमलम्मानं “शिवशिवा” म्हणत शिवांशला पोटाशी धरलं.

आता खरं ते खरं म्हटलं पाहिजे. म्हातारा गडबडला नाही. तिसरा गियर टाकला, दुसरा टाकला, इंजिन बोंबललं. हँडब्रेक थोडा थोडा करत ओढला. ट्रॅक्टर हातभर राहिला तेव्हा गाडी डावीकडं उतरवली, बांधाला घासत नेली आणि कापलेल्या सोयाबीनच्या गंजीत नेऊन खुपसली. कुणाला साधं खरचटलंही नाही. शिवांशच्या तोंडात भुसकट गेलं, तेवढंच.

बायकांना आणि शिवांशला एसटीत बसवून दिलं. भीमाशंकरनं फोनवर व्यंकटीची आई-बहीण काढली. व्यंकटी मोटारसायकलवर धावत आला, रस्त्याकडेला बसून चाक उतरवलं, डिस्कवर बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट, तेलकट. पॅड तेल पिऊन चकाकत होते.

“भीमाभाऊ, माझीच चूक हाय,” तो हळू आवाजात म्हणाला. “खोक्यातलं तेल पुसायचं राहिलं वाटतं माझ्याकडनं. दुसरं तेल यायचं कुठून हितं?”

गुरुबसप्पा गंजीला टेकून उभा होता. तेल काय करतं ते त्याला त्या क्षणी कळलं. व्यंकटीनं डिस्क पुसताना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, वर टोमणाही मारला होता. व्यंकटी विसरला असेल, हा विसरला नव्हता. तोंड उघडायचं म्हणून त्यानं श्वास घेतला. तेवढ्यात भीमाशंकर गरजला, “लेकरू होतं गाडीत! अप्पा होते म्हणून वाचलो, न्हाईतर आज दसऱ्याच्या दिवशी काय झालं असतं?” आणि बापाकडं वळून म्हणाला, “अप्पा, मी उगंच मागं लागलो होतो. किल्ली तुमच्याकडंच राहू द्या. मी असतो तर गाडी त्या ट्रॅक्टरवर घातली असती.”

झालं! गुरुबसप्पानं घेतलेला श्वास तसाच गिळला.

व्यंकटीनं डिस्क पुसून, पॅड बदलून दिले आणि बापलेक नांदेडला पोचले. तिथं गुरुबसप्पाला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. पार्वतम्मानं ओवाळलं. जो तो विचारायचा आणि भीमाशंकर हातवारे करकरून सांगायचा, अप्पांनी गियर कसा टाकला, गंजी कशी गाठली. आणि गोष्टीच्या शेवटी व्यंकटीचं नाव यायचंच. चाकूरला परतल्यावर तर बाजारभर झालं, व्यंकटी ब्रेकला तेल लावून गाड्या सोडतो. लोक हसायचे आणि गाडी दुसरीकडं न्यायचे. गुरुबसप्पा मूग गिळून बसला. सांगावं तर किल्ली जाते. न सांगावं तर दुसऱ्याचं नाव जातं. रोज सकाळी मंजुश्रीला सोडताना तो व्यंकटीच्या गॅरेजचा रस्ता टाळून वळसा घालून जायचा. “इकडून का, मामंजी?” तिनं एकदा विचारलं. “तिकडं खड्डे लई हायत,” म्हणाला.

दिवाळी झाली. एका दुपारी तो आणि भीमाशंकर लातूरहून माल बघून येत होते आणि नेमकं गॅरेजपुढंच टायर बसलं. भीमाशंकर तोंड वाकडं करून गाडीतच बसून राहिला. गुरुबसप्पा उतरला. गॅरेजच्या पत्र्यावर ‘इंजिन, क्लच, ब्रेक’ असं रंगवलेलं असायचं. त्यातल्या ब्रेकवर पांढरा रंग फासला होता.

“हे काय रं व्यंकटी?”

“सोडलं ते काम,” व्यंकटी जॅक लावत म्हणाला. “चाक बसवलं की वाटतं, पुसलं का न्हाई? पुन्हा उतरवायचं, पुन्हा पुसायचं. एका माणसाची गाडी तर अर्ध्या रस्त्यातून माघारी बोलावली. हातावरचा भरवसाच उडाला, अप्पा. तुमचं नातवंड डोळ्यापुढं येतं.”

तो मान खाली घालून नट सोडत होता. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच गुरुबसप्पाला सोसेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

“भीमा,” त्यानं हाक मारली. “जरा खाली उतर.”

भीमाशंकर कुरकुरत आला. गुरुबसप्पानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि एका दमात बोलून टाकलं, “तेल मी लावलं होतं. खंडेनवमीला. गंज दिसला म्हणून गोडतेल चोपडलं दोन्ही चाकांना. व्यंकटीनं पुसलं होतं, मी बघितलंय.”

भीमाशंकरचं तोंड उघडं ते उघडंच. व्यंकटीच्या हातातला पाना नटावरच अडकून राहिला.

“म्हंजे मी पुसलं होतं,” व्यंकटी म्हणाला.

“हाव.”

“मी पुसलं होतं.” दुसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फुटला. त्यानं बाहीनं डोळे पुसले, तोंडभर काळं फासलं गेलं तरी त्याला भान नव्हतं. मग एकाएकी तो उठून उभा राहिला. “आन हे आज सांगून राहिलात? माझी बायको मला जेवताना समजावती, अप्पा, की चुका होत असतात. जावा तुम्ही. चाक बसवून देतो अन् जावा. आज न्हाई बोलवणार माझ्याच्यानं.”

गुरुबसप्पा बाजूला सरकून उभा राहिला.

चाक बसलं. भीमाशंकरनं व्यंकटीपुढं हात जोडले, पण व्यंकटी त्याच्याकडं न बघता आत निघून गेला. मग भीमाशंकर गाडीपाशी आला आणि बापासमोर तळहात पसरला. रागावलेला नव्हता. डोळ्यांत पाणी होतं, पण हात त्यानं मागं घेतला नाही. गुरुबसप्पानं सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

तो वळसा घालून डाव्या बाजूनं बसला. बाजाराच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आला, आणि गुरुबसप्पाचा उजवा पाय आपसूक पायाखालच्या चटईवर जोरात दाबला गेला. भीमाशंकरनं ते पाहिलं आणि गाडी हळू केली.