खाटेखालची काठी

मी चौथीपर्यंत शिकलेला गवंडी. बायको जाऊन वर्ष होत आलं. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितोय.

आमची वस्ती नासर्डी नदीच्या काठाला होती. पावसाळ्यात पाणी चुलीपर्यंत यायचं. आम्हाला घरकुलं द्यायचं ठरलं, तेव्हा पाहणीला बाया आल्या. दारोदार फॉर्म. घरात माणसं किती, काम काय, आजारी किंवा अपंग कोण.

आजारी कोण म्हटल्यावर वस्तीत कुजबुज सुरू झाली. ज्याच्या घरात दुखणं, त्याचं नाव कापणार. हे कोण बोललं ते अजून कळलं नाही, पण पटलं सगळ्यांना. नाक्यावर मजूर घेताना ठेकेदारही आधी दंडच बघतो. आम्हाला जे मिळालं ते धडधाकट दिसलो म्हणूनच मिळालं.

माझ्या बायकोचे दोन्ही गुडघे गेलेले, वर दम लागायचा. पाहणीवाली बाई शेजारी आली तशी बायको म्हणाली, "अवो, ती काठी आधी खाटेखाली सारा."

मी सारली. ती तोंड धुऊन, ठसठशीत कुंकू लावून दाराची चौकट धरून उभी राहिली.

"आजी, तब्येत कशी आहे?"

"मला काय धाड भरलीय? रोज नदीवर धुणं धुते."

सहा महिन्यांत ती नदीवर गेली नव्हती. बाई हसली आणि आजारीच्या रकान्यात 'कोणी नाही' लिहून गेली. मग आम्ही दोघंही हसलो. लय मोठं काम केल्यासारखं वाटलं.

घर मिळालं, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तळमजला आधी आजारी माणसांना होता. तशी कागदावर दोनच निघाली, बाकीच्यांची सोडत झाली. घर चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. नळाला पाणी, संडास आत. ती भिंतीवरून हात फिरवायची. पण जिन्याच्या पायऱ्या उंच. जन्मभर दुसऱ्यांचे जिने बांधले, मला कळतं. दवाखाना दोन रिक्षा बदलून. उतरताना प्रत्येक वळणावर मी बादली पालथी घालायचो, ती बसायची. शेवटी शेवटी म्हणायला लागली, "आज नको, उद्या जाऊ." मीही जोर केला नाही. असे लय उद्या गेले.

यंदा ह्या इमारती बांधणाऱ्या इंजिनिअर म्याडम आल्या. खाली सगळ्यांना गोळा करून म्हणाल्या, "एकाच कामाचा निधी आहे. काय करायचं ते तुम्ही सांगा." तरण्यांना रस्त्याच्या तोंडाशी कमान पाहिजे होती. बायकांना तळमजल्याच्या कुलूपबंद खोलीत दवाखाना.

मी मागून बोललो, "कमानच बांधा. तिच्याखालून तिरडी चांगली दिसते."

बोलायला नको होतं. पण मी थांबलो नाही, म्याडमवरच घसरलो. "एवढ्या इमारती बांधल्या, एक दवाखाना जमला नाही?"

"बाबा, नकाशात होता. ती खोली दवाखान्याचीच आहे," त्या म्हणाल्या. "पैसे कमी पडले तेव्हा पाहणी बघून ठरवलं. तुमच्या वस्तीत आजारी दोनच. कागदावर अख्ख्या नाशकात एवढी ठणठणीत वस्ती नव्हती. मग डॉक्टर दुसरीकडे दिला."

रागानं नाही बोलल्या.

मी खाली बसलो. मग उठून काठीचं सगळ्यांना सांगितलं.

मग समोरच्या घरची सून म्हणाली, "आम्ही सासऱ्यांना आत्याकडं धाडलं होतं. त्यांना टीबी होता."

एक रिक्षावाला म्हणाला, "आईला फिट यायच्या. पाहणी होईस्तोवर तिला देवळात बसवलं होतं."

"तरीच! म्हटलं म्हातारीला एवढी भक्ती कुठून सुटली!" मागून कोणीतरी म्हणालं.

लोक हसले. बायका हसता हसता डोळे पुसत होत्या.

म्याडम म्हणाल्या, "नव्यानं खरं लिहून द्या, मी डॉक्टर मागते. मिळेलच असं सांगत नाही. पण ह्या कागदावर मागायला मला तोंड नाही."

"आता लिहिलं तर घर काढून घेतील ना?" एका म्हातारीनं विचारलं.

"आजी, किल्ली तुमच्या कमरेला आहे. कोण काढतंय?"

तरी कोणी पुढं येईना. मी तीन मजले चढलो, काठी घेऊन उतरलो आणि म्याडमच्या टेबलावर आडवी ठेवली.

"लिहा माझं. गुडघे. मोतीबिंदू. चढताना छाती भरते."

त्यांनी लिहिलं. "घरात आणखी कोण?"

"कोणी नाही."

वळलो तर मागं समोरची सून उभी होती, सासऱ्यांचा हात धरून. तिच्या मागं रिक्षावाला.

कमान झाली नाही. पोरं थोडे दिवस माझ्याशी बोलत नव्हती. खोलीचं कुलूप निघालं, आता मंगळवारी आणि शुक्रवारी डॉक्टर येतो. लिफ्ट नाहीच, पण उरलेल्या पैशात जिन्याला धरायला लोखंडी नळी बसवली. पहिल्या मंगळवारी मी एक हात नळीला लावून उतरलो. दुसऱ्या हातात काठी. ती तिची, मला आखूड पडते. वाकून चालावं लागतं. चालतो.