वृंदाचे चेस्टनट आणि माझी सिगडी

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. चार घरची माणसं एका सिगडीभोवती बसली की ते आपोआप साठतात. आणि वृंदा आल्यापासून तर माझ्याकडे एवढे साठलेत, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

आधी सिगडीचं सांगते. माधव नगरात आमचं घर, वर मोठी छत, म्हणजे तुमची गच्ची. थंडी पडली की दर शनिवारी संध्याकाळी मी कोळसा पेटवते आणि आमची चार मराठी घरं जमतात. मी शिंगाडे भाजते, रताळी भाजते, हिरव्या हरभऱ्याचे घाटे भाजते. सिगडीजवळची खुर्ची माझी. शनिवार म्हणजे आमची छत, हे सगळ्यांना पाठ. घरात मला कुणी फारसं विचारत नाही, पण त्या खुर्चीवर बसले की सगळे विचारतात. त्यामुळे ती खुर्ची मला प्यारी आहे. यात लपवायचं काय?

*

वृंदा पुण्याची. नवरा सुधीर बँकेत, बदली होऊन इकडे हिंदी मुलखात आलेला. पहिल्याच शनिवारी बाई पिशवी घेऊन हजर. आत चॉकलेटी रंगाची गुळगुळीत फळं, पॉलिश केल्यासारखी. म्हणाली, चेस्टनट आहेत, भाऊ नैनीतालला असतो, तो पाठवतो. प्रत्येकाला घरूनच चाकूने चीर देऊन आणली होती. मी पाणी आणायला उठले. फक्त पाणी आणायला! परत येते तर वृंदा माझ्या खुर्चीवर.

सालं उकलली, वास सुटला आणि मंडळी तुटून पडली. माझे शिंगाडे ताटात गार. आमचे हे डोळे मिटून म्हणाले, "हे काहीतरी वेगळंच आहे!" लग्न झाल्यापासून मी या माणसाला भाजून, तळून, उकडून खाऊ घालतेय. डोळे एकदाही मिटले नव्हते.

मीही एक खाल्लं. चव रताळ्याची. रताळी तर भाजीवाल्याकडे ढिगाने पडलेली असतात. पण हे बोलायची सोय नव्हती, कारण सगळ्यांची तोंडं भरलेली होती.

*

मग एका शनिवारी एकादशी आली आणि मी मनातल्या मनात म्हटलं, आता सापडलीस. शिंगाडा उपासाचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चेस्टनट कुठल्या उपासात बसतं? मी सकाळीच फोन करून सगळ्यांना कळवलं, की आज वृंदाचं ते फळ चालणार नाही.

आमची नलू उपासाच्या बाबतीत भलती कडक. माझी जुनी मैत्रीण, मला वाटलं हिचा तरी आधार आहे. तर ही रुमालात दोन चेस्टनट बांधून नदीवर राम घाटावर गेली आणि तिथल्या पंडितजींनाच विचारून आली. त्यांनी उलटून पालटून बघितलं.

"पेड़ पे लगता है?"

"हां."

"अनाज तो नहीं है?"

"नहीं."

"फिर फल हुआ. फल में क्या पूछना?"

आणि दोन्ही ठेवून घेतली. संध्याकाळी सगळ्यांनी चेस्टनटचा फराळ केला. माझे शिंगाडे मी एकटीने खाल्ले, आणि उरले म्हणून दुसऱ्या दिवशी पारण्यालाही तेच खाल्ले.

*

इतकं झाल्यावर कुणीही इरेला पेटेल. चीर द्यायची राहिलेली मूठभर चेस्टनट वृंदा आमच्या स्वयंपाकघरात विसरून गेली होती. म्हटलं, त्यात काय एवढं? शिंगाड्यासारखंच तर भाजायचं. दुपारी घरात कुणी नव्हतं, सिगडी पेटवली आणि दिली सोडून. चीर द्यायचं काही लक्षात राहिलं नाही. शिंगाड्याला मी कधी चीर दिली आहे?

पहिलं फुटलं तेव्हा मी जिन्यात होते. दुसरं फुटलं तेव्हा शेजारचे पाठककाका ओरडले, "ट्रान्सफॉर्मर उडाला!" आणि त्यांनी घरातलं मेन बंद केलं. तिसरं त्यांच्या वाळत घातलेल्या धोतरात जाऊन पडलं. मी खाली बसून राहिले, हूं की चूं केलं नाही. काका रात्रीपर्यंत अंधारात बसले आणि बिजलीवाल्यांना शिव्या घालत राहिले.

*

शेवटी व्हायचं तेच झालं. वृंदाने जाहीर केलं, की या शनिवारी सगळे आमच्या छतावर या. नवीन सिगडी आणलीय म्हणे. सगळे हो म्हणाले. नलू हो म्हणाली. आमचे हे तर स्वेटर घालून वेळेआधीच तयार. मी सांगितलं, माझं डोकं दुखतंय. आणि ते गेल्यावर वर जाऊन मी माझी सिगडी पेटवली, माझ्या एकटीसाठी, माझ्या खुर्चीवर बसून. रडू येत होतं, पण धूर होता, त्यामुळे चालून गेलं.

तेवढ्यात यांचा फोन. वृंदाचा कोळसा पेटतच नाहीये, सगळे खोकताहेत, आता ती चेस्टनट गॅसवर भाजते म्हणतेय. गॅसवर! मी फोन ठेवला. घमेल्यात राख घातली, वर लालबुंद निखारे घेतले, शाल पांघरली आणि दोन गल्ल्या तशीच चालत गेले. रस्त्यात लोक बाजूला होत होते.

मी निखारे ओतले, वर कोळसा रचला, पंख्याने वारा घातला. सिगडी अशी फुलली की सगळे पुढे सरकले. वृंदा हळूच म्हणाली, "ताई, मला कोळसा पेटवता येतच नाही. तुमच्याकडे आयता असायचा."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यात तिच्या सुधीरने गरम चेस्टनट तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"वृंदा, आज खरी चव आली! शीक जरा वहिनींकडून. निखारे असे असतात. आण अजून."

मी वृंदाकडे बघितलं. तिचा तो चेहरा मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"संपली," ती म्हणाली.

पिशवी तिच्या खुर्चीखाली होती, अर्ध्याहून जास्त भरलेली. माझ्या पायाला लागत होती.

आमच्या ह्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच संपली?"

मी शालीचं टोक खाली सोडून पिशवी झाकली आणि म्हटलं, "हो, संपली."