गाणं धरणारी

"दार काय बंद हाय?" प्रश्न कोणताही असो, मावशीचं उत्तर हेच. उद्या अळू आणशील का? दार काय बंद हाय. पाय दुखायचा थांबला का? दार काय बंद हाय. प्रश्नाशी उत्तराचा मेळ बसायलाच हवा, असा तिचा आग्रह नव्हता. आधी हातातला विळा खाली ठेवायची, पदराला हात पुसायची आणि मग असं म्हणायची की विचारणाऱ्यालाच उगाच विचारलं असं वाटावं.

आमच्या एव्हरशाईन सिटीत, इमारतीच्या फाटकापाशी ती बसायची. खाडीकडच्या गावातून घरच्या वाडीतली भाजी घेऊन यायची. घासाघीस करणाऱ्या बाईच्या पिशवीत ती दोन वेलची केळी जास्तीची टाकायची आणि वर म्हणायची, "खा, रागानं भूक लागते." तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील. त्यांच्याशी भांडायला गेलेलं माणूस जेवूनच परत येतं.

भाद्रपदात तिनं इमारतीतल्या आम्हा तिघींना घरी गौरीला बोलावलं. माझी नोकरी तेव्हा नुकतीच संपली होती आणि घरात बसून जीव आंबला होता, म्हणून गेले. तेरड्याच्या रोपांची गौर, तिला हिरवी साडी, आणि पुढ्यात नैवेद्याला चिंबोऱ्यांचं कालवण! आमच्यातली एक देशावरची. तिचे डोळे विस्फारले. मावशी तिला म्हणाली, "माहेरवाशीन हाय ती. माहेरी येऊन काय डाळभात खाईल?" देशावरच्या बाईंनी पुढच्या पाच मिनिटांत चिंबोरीची नांगी कशी फोडायची ते शिकून घेतलं.

खरी गंमत गाण्याची होती. मावशी आणि तिची धाकटी जाऊ यांची घरं समोरासमोर, अंगण एकच. मावशी ओळ धरायची, जाऊ ती झेलायची, आणि बाकीच्या भावकीतल्या बायका जावेच्या मागून उचलायच्या. "गवर माजी कोन्या वाटेनं आली?" असं मावशीनं विचारलं की जाऊ उत्तर द्यायची, "खाडीच्या वाटेनं, ओल्या पायानं आली." धरणारीनं झेलायचं नाही, असा नेमच होता. एकटीनं गौर गाणं म्हणजे त्या घरात दुसरी बाई उरली नाही, असं तिकडे समजतात. दोघी एकाच मांडवात लग्न होऊन त्या घरात आल्या होत्या आणि तेव्हापासून दोघींनी मिळून गायलं होतं.

आम्ही भारावून परत आलो. खोटं कशाला बोलू, वर्षानुवर्षं लिफ्टमध्ये एकमेकींकडे न बघणाऱ्या आम्ही तिघी त्या दिवसानंतर एकमेकींकडे विरजण मागायला जाऊ लागलो. देशावरचीला तर माहेरच उरलं नव्हतं. ती म्हणाली, मला इथं मिळालं. सणानं आम्हाला खूप दिलं. त्या गावाचं काय घेतलं, ते नंतर कळलं.

पुढच्या वर्षी मावशीनं जी भाजी घेईल तिला आमंत्रण दिलं. फाटकापाशी बसून अख्खी वसाहत बोलावली म्हणा ना! सगळ्या नटूनथटून, मोबाईल उगारून हजर. भावकीतल्या बायकांना आपल्याच माजघरात बसायला जागा उरली नाही. गाणं ऐन रंगात असताना आमच्यातली एक तरुण मुलगी जावेला म्हणाली, "काकू, जरा बाजूला व्हाल? फ्रेममध्ये येताय."

जाऊ उठली. अंगण ओलांडून आपल्या घरात गेली आणि तिच्यामागून एकेक करत भावकी उठली. त्या मुलीला आपण काय केलं याचा पत्ताही नव्हता. मला मात्र तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मग पुढल्या भाद्रपदात भावकीनं मावशीला निरोप धाडला. यंदा एक तर शहरातल्या बायका येतील, नाही तर आम्ही. हे मला कळलं तेव्हा मी धावत फाटकाशी गेले आणि तिला सांगितलं की आम्ही येत नाही, तू तुझ्या माणसांना सांभाळ. मावशीनं विळा खाली ठेवला.

"गवरीच्या दिवशी दारी आलेल्या बाईला मी परत फिरवू? मग गवर पन फिरंल."

मी इमारतीत एकेकीला गाठून सांगितलं, जाऊ नका. तरी सात-आठजणी निघाल्याच. त्यांना वाटलं, मी उगाच मोठेपणा करते आहे. मग मीही गेले. म्हटलं, निदान कोणी पुन्हा काही बोलू नये एवढं तरी बघावं.

दुपारची वेळ. समोर आपल्या ओट्यावर जाऊ वाल सोलत बसली होती. तिच्याकडे भावकीच्या बायकाही होत्या, पाठमोऱ्या. मधलं अंगण चार पावलांचं, तिकडची बांगडीसुद्धा इकडे ऐकू येत होती. आमच्यातल्या बायका हळू आवाजात कौतुक करत होत्या. गेल्या वर्षीच्या त्या मुलीनं मोबाईल सुरू केला. मी डोळे वटारले, पण तिचं लक्ष नव्हतं.

मावशी गौरीसमोर बसली आणि तिनं ओळ धरली. "गवर माजी कोन्या वाटेनं आली?"

थांबली. समोर वाल सोलणं चालूच राहिलं.

तिनं पुन्हा तीच ओळ म्हटली, जरा मोठ्यानं. आता आमच्या बायकांनाही काहीतरी बिनसल्याचं कळलं. कोणी खोकलं. मला उत्तर पाठ होतं, ओठांपर्यंत आलंही होतं. पण ते झेलायचा हक्क माझा नव्हता, आणि मी झेललं असतं तर समोरची कायमची तुटली असती. मनात म्हणत होते, अगं बये, एक ओळ म्हण, मग वर्षभर भांड.

मावशीनं तिसऱ्यांदा विचारलं. जावेचे हात थांबले. ती उठली, आणि मला वाटलं, आली! तिनं सूप उचललं आणि आत निघून गेली.

मावशीनं तिकडे पाहिलं नाही. गौरीकडे बघत तिनं स्वतःच उत्तर म्हटलं, आवाज खाली उतरवून, जाऊ म्हणायची तसं. मग पुढची ओळ आपल्या आवाजात, तिचं उत्तर पुन्हा जावेच्या. सगळं गाणं ती एकटी गायली. नंतर आम्हाला आग्रह करून जेवायला घातलं, स्वतः मात्र जेवली नाही. निघताना तिनं माझा हात धरला. "माजं काय चुकलं, बाय?"

पौषात एक दिवस फाटकाची जागा रिकामी राहिली. छातीत कळ आली आणि मावशी गेली, असं तिच्या गावच्या रिक्षावाल्यानं सांगितलं. त्यानंच सांगितलं की दोघी जावा शेवटपर्यंत एकमेकींशी बोलत होत्या. वाडीचं, पाण्याचं, नातवंडांचं. त्या गाण्याचा विषय तेवढा दोघींनी कधी काढला नाही.

गौरी जवळ आल्या तशी एके दुपारी बेल वाजली. दारात जाऊ उभी. चपला बाहेर काढून आली, सोफ्यावर बसेना, खाली भिंतीला टेकून बसली. पाणी दिलं ते तिनं तसंच ठेवलं.

"तुज्याकडं तिचा आवाज हाय म्हनतात."

होता. त्या मुलीनं ते चित्रण इमारतीतल्या सगळ्यांना पाठवलं होतं. मी फोन तिच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि लावला.

मावशीनं ओळ धरली आणि थांबली. जाऊ फोनकडे टक लावून बघत होती. दुसऱ्यांदा ओळ आली, मग कोणाचं तरी खोकणं. जावेनं पदर तोंडावर दाबला. मी बंद करायला हात पुढे केला, तर तिनं तो बाजूला सारला.

तिसऱ्यांदा मावशीनं विचारलं तेव्हा जावेनं तोंडावरचा पदर काढला. आवाज लागायला वेळ गेला. "खाडीच्या वाटेनं," तिनं म्हटलं, आणि तेवढ्यात फोनमधून मावशीही तेच म्हणू लागली, तिच्याच आवाजाची नक्कल करत. दोघींचे शब्द एकमेकांवर पडले. जावेनं फोन माझ्याकडे सरकवला.

"परत लाव," ती म्हणाली. "मला उशीर झाला."

मी परत लावलं.