काकूचा राखाडी बेडूक

आमची काकू शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि सगळी शाळा तिला बेडूकबाई म्हणायची. तिच्या टेबलावर काचेची एक बरणी असे. आत, औषधात बुडवलेला, दूरच्या जंगलातला झाडावर राहणारा बेडूक. रंग राखाडी. "खोडावर बसला की दिसायचा नाही, म्हणून हा रंग," असं ती ठासून सांगे. मी आणि माझी बहीण तिच्याच वर्गात. घरचे म्हणून सवलत सोडाच, आमचेच कान जास्त पिळले जात. एकदा परीक्षेत बहिणीने बेडूक हिरवा रंगवला. काकूने लाल शाईने 'मनाचे रंगवू नये' असा शेरा मारून मार्क कापला. बहीण कितीतरी दिवस फुगून बसली होती.

निवृत्त झाल्यावर काकूने त्याच जंगलातल्या अभ्यासवर्गाला नाव घातलं. काका म्हणाले, "आणि गुडघे काय घरी ठेवून जाणार?" पण ती हट्टाला पेटली होती. जन्मभर बरणीतला दाखवला, एकदा जिवंत बघायचाच.

तिथे प्रत्येकाने एक प्राणी निवडून अभ्यासायचा होता. बरोबरची तरुण पोरं मुंग्या, फुलपाखरं घेऊन मोकळी झाली. काकू मात्र चिखलात गमबूट रुतवत रोज एकेक खोड न्याहाळायची. बेडकाचा पत्ता नाही. परतायची वेळ जवळ आली तसा तिचा धीर सुटत चालला. "हात हलवत येणार बहुतेक," फोनवर मला म्हणाली. आवाज पार उतरला होता.

दुसऱ्या दिवशी दम लागला म्हणून ती एका झुडपाखाली टेकली आणि सहज वर पाहिलं. रुंद पानाच्या खालच्या अंगाला एक हिरवागार गोळा चिकटला होता. पान हललं तसा त्याने लालभडक डोळा उघडला, पाय पसरले. बोटांच्या टोकांवरच्या त्या गोल चकत्या काकूला तोंडपाठ होत्या. हाच तो! बरणीतल्या औषधाने त्याचा रंग कधीच खाऊन टाकला होता.

शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर आपला अभ्यास मांडताना तिने पहिलं वाक्य हेच टाकलं, "मी इतके दिवस बरणीतला रंग जंगलात शोधत होते." मला तिचा फार अभिमान वाटतो. त्या वयात स्वतःचं हसं करून घ्यायला छाती लागते.

परतल्यावर ती घरीसुद्धा गेली नाही. बॅग घेऊन थेट माझ्या बहिणीच्या दारात.

"तुझा मार्क द्यायला आलेय."

बहीण ओशाळली. "अगं काकू, माझ्याकडे तेव्हा तेवढा एकच हिरवा खडू उरला होता!"

"असू दे," काकू तिला जवळ घेत म्हणाली. "बेडूक हिरवाच आहे. मार्क तुझा."