शाल, नारळ आणि खिशातलं बिल

मजुरी न देता सुताराला शाल पांघरवून घरी पाठवलंय का कधी तुम्ही?

मला पाठवलं. मी साताऱ्यात खोली घेऊन लोकांच्या वेबसाइट बनवायचो. एका निवृत्त सुभेदारांची सैन्यभरतीची अकॅडमी आहे. त्यांच्यासाठी दीड महिना राबलो. पोरांचे धावतानाचे फोटो काढले, फीचा तक्ता तीनदा बदलला, डोमेनचे पैसेही मीच भरले. दर मात्र आधी ठरवला नाही. एकदा त्यांना 'काका' म्हटल्यावर आकडा तोंडातून निघेना. खोलीचं भाडं थकलेलं. हे पैसे आले तरच माझा धंदा टिकणार होता.

वेबसाइटच्या उद्घाटनाला लॅपटॉपला हार घातला. बिल घडी करून माझ्या खिशात होतं. काकांनी माईक घेतला, "या गड्यानं एक रुपाया न घेता आपलं काम केलंय. सेवा म्हनून!"

मैदानावर टाळ्या. खांद्यावर शाल, हातात नारळ. आणि मी तो नारळ कपाळाला लावला.

माझे वडील सांगलीच्या हळद बाजारात हमाल. घामाचे दाम मागणाऱ्या हमाल संघटनेच्या पत्रकांच्या घड्या घालत मी वाचायला शिकलो. फुकट राबवून घेण्याला सेवा म्हणणाऱ्यांविरुद्ध कॉलेजात भिंती रंगवल्या. तोच मी, माईकसमोर मुका.

चार दिवसांनी गेलो. "आवं काका, तेवढं बिल..."

"बिल? शाल घेताना तोंड शिवलं हुतं व्हय रं? समद्या पोरांम्होरं मला खोटं पाडतूस?" ते हसले, चहा मागवला. मी तो प्यायलो, हेही लिहून ठेवतो.

परवा खोली सोडली. सोमवारपासून एमआयडीसीत पॅकिंगला जाणार. वडिलांना फोनवर सारं सांगितलं. ते म्हणाले, "आमी पोत्याची हमाली आधी ठरवतो, मग शेठला रामराम घालतो. तू उलटं केलंस."

शाल पिशवीत तळाला आहे. ती पांघरवत नाही, टाकवतही नाही.

तुमचं काम एखादं ओळखीचं पोर करत असेल, तर आजच त्याला विचारा, "तुझं बिल किती?" ते लाजेल, "राहू द्या" म्हणेल. तरी आकडा घेतल्याशिवाय उठू नका.