निपाणीचे वाचक

बेळगावात एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी नोकरीला आहे. प्राध्यापकांचे शोधनिबंध कुणालाही फुकट वाचता यावेत म्हणून विद्यापीठाची एक वेबसाइट आहे. आम्ही तिला रिपॉझिटरी म्हणतो. कुठला निबंध किती वेळा डाउनलोड झाला आणि कितवा आहे, हेही तिथं सगळ्यांना दिसतं. पूर्वी निबंध छापून आला की लेखकानं तो स्वतः तिथं चढवायचा, असा नियम होता. कुणी चढवत नसे. आम्ही फोन केला की ‘पेन ड्राइव्हवर देतो’ म्हणत, आणि पेन ड्राइव्ह घरी विसरत. शेवटी ठरलं की माणसांच्या मागं लागायचंच नाही. निबंध प्रकाशकाकडून आपोआप यावा, लेखक आपल्याकडचा आहे का हे प्रोग्रॅमनं तपासावं, निबंध जागेवर ठेवावा आणि लेखकांना तसा ईमेल पाठवावा. तो प्रोग्रॅम मी लिहिला. हे काम मला आवडलं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

पहिल्याच खेपेला आलेल्या निबंधांत एक माझाही होता. शिकत असताना आमच्या सरांबरोबर केलेला, उसाच्या पानाच्या फोटोवरून रोग ओळखण्याबद्दलचा. लेखकांत माझं नाव तिसरं, म्हणजे शेवटचं. फोटो मात्र सगळे मीच काढले होते, संकेश्वरला मामांच्या उसात. ईमेल माझ्या कॉलेजच्या वेळच्या पत्त्यावर गेला. ते खातं कधीकाळी मी आप्पांच्या फोनवर उघडलं होतं आणि तिथं ते तसंच चालू राहिलं होतं. मी ते विसरून गेले होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. निपाणीत त्यांचं खत-बियाणांचं दुकान आहे. ऑफिसात हे कुणाला माहीत नव्हतं. मी पाचवीपासून बेळगावात होस्टेलवर राहून इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळं गाव कुठलं असं कुणी विचारलं तर मी ‘बेळगावच’ म्हणते, आणि पुढं कुणी विचारत नाही.

काही आठवड्यांनी आढाव्याची बैठक झाली. मॅडमनी, म्हणजे आमच्या ग्रंथपालांनी, सगळ्यात जास्त डाउनलोड झालेल्या निबंधांची यादी पडद्यावर लावली. सगळ्यात वर माझा. खालोखाल एका जाणत्या प्राध्यापकांचा, आणि दोघांच्या आकड्यांत एवढं अंतर की कुणीतरी हसलंच. मॅडमनी नकाशा उघडला. इकडंतिकडं बारीक ठिपके होते. एकच मोठा होता, निपाणीवर.

“निपाणीत उसावर एवढं संशोधन चालतं?” मॅडम म्हणाल्या. पुढचं त्या कन्नडमध्ये बोलल्या, की तिथले लोक तंबाखू सोडून वाचनाच्या नादाला लागलेले दिसतात. सगळे हसले. मीही हसले.

“हे माणसाचं काम न्हवे,” शेजारचा सहकारी म्हणाला. “बॉट लावलाय कुणीतरी.”

मॅडम गंभीर झाल्या. खोट्या आकड्यांची रिपॉझिटरी म्हणून विद्यापीठाचं नाव झालं तर आपोआप निबंध आणण्याची ही सगळी सोयच बंद पडेल, असं त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडं वळून मऊ आवाजात म्हणाल्या, “आणि तुझ्या नावाला उगाच डाग लागेल. कोण करतंय ते शोध आणि बंद कर.”

शोधायला वेळ लागला नाही. सगळे डाउनलोड एकाच इंटरनेट जोडणीवरून होत होते. सकाळी दुकानं उघडायच्या वेळेला सुरू, दुपारी मध्ये तासभर बंद, पुन्हा दिवे लागेपर्यंत चालू. तो दुपारचा खंड मी ओळखला. त्या वेळी आप्पा शटर अर्धं ओढून जेवायला घरी जातात.

रविवारी मी निपाणीला गेले आणि बसस्टँडवरून सरळ दुकानात. गल्ल्यावर पैसे द्यायचा स्कॅनर होता, आणि त्याच्या शेजारी तसाच दुसरा, लॅमिनेट केलेला. वर माझा फोटो, शाळेच्या स्नेहसंमेलनातला. खाली ‘आमच्या मुलीचे संशोधन. सर्वांनी डाउनलोड करावे.’ आणि त्याखाली दुकानाच्या वायफायचा पासवर्ड.

एक म्हातारे गिऱ्हाईक फोन डोळ्यांजवळ धरून उभे होते. “मालक, पैसं गेलंच न्हाईत की. इंग्रजी पुस्तक आलंय.”

“त्ये बरोबर आलंय,” आप्पा म्हणाले. “आता ह्यो दुसरा मारा. पोरीचं झालं, आता खताचं.” तेवढ्यात त्यांना मी दिसले. “ही बघा, हीच. बेळगावात युनिवर्सिटीत हाय.”

“व्हय काय? मग ह्यात काय लिवलंय बाळ?” म्हाताऱ्यांनी विचारलं. “माझा ऊस पिवळा पडाय लागलाय. फोटो टाकला तर सांगतंय काय?”

मी तोंड उघडलं. निबंधातलं पहिलं वाक्य मला इंग्रजीत पाठ होतं. मराठीत मी “म्हणजे... ते अजून तसं नाही...” एवढंच म्हणाले आणि थांबले.

“त्ये मोठं काम असतंय,” आप्पा लगेच मध्ये पडले. “असं गल्ल्यावर सांगायचं न्हाय. तुमास्नी न्हाय कळायचं.”

म्हातारे बिचारे मान हलवून पोतं उचलायला वळले. आप्पांनाही त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मला झाकायला त्यांनी त्या माणसाला अडाणी ठरवलं होतं.

जेवताना आप्पा म्हणाले, “समाजाच्या ग्रुपवर बी टाकलो होतो. पर लोक नुसता अंगठा दावत्यात, दाबत कोण न्हाय. म्हणून दुकानातच लावलो. आता तूच पैली हाईस न्हवं?”

“व्हय,” मी म्हणाले. हे बंद करा म्हणून सांगायलाच मी आले होते. आमटी फार चांगली झालीय असं आईला सांगितलं आणि संध्याकाळची बस धरली.

सोमवारी मी नियम लिहिला. एका जोडणीवरून दिवसभरात कितीही वेळा डाउनलोड झालं तरी ते एकदाच मोजायचं, आणि मागचेही आकडे त्याच हिशेबानं दुरुस्त करायचे. माझा निबंध यादीत पार खाली गेला.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “कोण होतं?”

“एक दुकान आहे निपाणीत,” मी म्हणाले. “चुकून होत होतं त्यांच्याकडून.”

त्यांनी पुढं विचारलं नाही. विचारतील म्हणून मी थोडा वेळ तशीच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन आला. आवाज दबका होता. “बाळ, आकडा लई खाली आलाय गं. तुझ्यावर कोण जळतंय काय तितं?”

“न्हाय आप्पा. मीच केलंय ते. एका ठिकाणचं एकदाच मोजायचं असतं.”

मागं पोती टाकल्याचा आवाज आला. “म्हंजे माझ्यामुळं तुला कोण बोललं काय?”

“न्हाय.”

“चुकलंच माझं. इचारायला पायजे होतं तुला. आजच काढतो ते.” मग म्हणाले, “पर तितं सांगितलीस न्हवं, आपलंच दुकान हाय म्हणून?”

मी व्हय म्हणाले.

“मग बरं झालं,” आप्पा म्हणाले. “न्हाईतर त्यास्नी वाटायचं, कोण तरी परकं माणूस हाय.”